२००१ ची जिप्सी किंग: ५५ ला स्टेअरिंग नाचतं, सुट्टीत आधी काय काढू?

किंग२००१ (इंदूर)

नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

गाडी २००१ ची जिप्सी किंग, एमजी४१३डब्ल्यू, एमपीआय (म्हणजे इंजेक्शनवालं, कार्बोरेटर नसलेलं) इंजिन, सॉफ्ट टॉप, पॉवर स्टेअरिंग नाही. मूळची सासऱ्यांची. त्यांनी महूच्या एका रिटायर्ड सुभेदारसाहेबांकडून घेतली होती, मग गुडघे दुखायला लागले आणि क्लच जड वाटायला लागला तशी दोन वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात आली. म्हणजे मीच घालून घेतली म्हणा. आधीच्या मालकानं शॅकल (पाट्याच्या स्प्रिंगचं टोक चेसिसला जोडणारी पट्टी) बदलून थोडी उंच केलीये आणि २३५/७५ आर १५ चे टायर टाकलेत. दिसायला एकदम बढिया.

प्रॉब्लेम असा की बायपासवर मीटर ५५ दाखवायला लागलं आणि एखादा जॉइंट किंवा बारीक खड्डा आला की स्टेअरिंग डावी-उजवीकडं असं झटके मारायला लागतं की बॉनेट पण हलताना दिसतं, हातातून सुटेल की काय वाटतं, मग ब्रेक मारून तिशीवर आणली की आपोआप शांत. गेल्या महिन्यात मुलगी शेजारी बसलेली होती, तेव्हापासून ती गाडीत बसायला तयार नाही. एका गॅरेजवाल्यानं स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे झटके शोषणारा दांडा) बदलला, पंधरा दिवस मस्त चालली, परत तेच. व्हील बॅलन्सिंग दोनदा झालं. आणखी एक, उजव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूनं काळं चिकट ओघळलंय, गॅरेजवाला म्हणाला "पुरानी गाडी है, इतना तो चलता है."

आता रंगपंचमीची सुट्टी धरून मला चार शनिवार-रविवार मोकळे मिळतायत. मी केलेली यादी: दोन इंच लिफ्ट, एलईडी बार, वरचं कॅरिअर, सीट नवीन, खालून रंग, आणि हे स्टेअरिंगचं. बायको म्हणते यादी उलटी वाच. हाताशी गोटी पान्याचा सेट आहे, एक जॅक आहे, बाकी उत्साह भरपूर. यातलं घरी अंगणात काय होण्यासारखं आहे आणि आधी कशाला हात घालू?

नुसताच_वाचतो

भिया एलईडी बार आधी लाव, निदान रात्री नाचताना कुठं चाललोय ते तरी दिसेल 😄

काळी_माती (राऊ)

वरच्याकडं दुर्लक्ष कर.

तुझ्या पोस्टमधलं कामाचं वाक्य एकच आहे, उजव्या चाकाच्या आत काळं ओघळलंय. ते "इतना तो चलता है" वालं नाहीये. जिप्सीच्या पुढच्या अ‍ॅक्सलच्या टोकाला एक पोकळ गोळा असतो, त्याच्यावर नकल (चाक ज्याच्यावर बसतं आणि वळतं तो भाग) फिरतं, आणि नकलला वरून एक खालून एक असे दोन किंगपिन धरून ठेवतात. प्रत्येक किंगपिनला एक टेपर बेअरिंग, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चार. गोळ्याच्या मागं नकलचं सील असतं, ते फाटलं की ग्रीस बाहेर, पाणी-चिखल आत. आणि आतल्या नळीचं ऑइल सील गेलं की डिफरन्शिअलचं (अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरच्या पेटीचं) ऑइल पण गोळ्यात येतं, ग्रीसमध्ये मिसळून त्याची पातळ काळी आमटी होते. तीच तुझ्या चाकावर ओघळलीये.

आता नाचायचं कारण. गाडी नव्वद टक्के वेळ सरळ चालते, त्यामुळं बेअरिंगचे रोलर कायम एकाच जागी बसून हादरे खातात, ग्रीस नसलं की वाटीत (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यात) त्या जागी बारीक खाचा पडतात. बेअरिंग सैल होतं, नकलला जो घट्टपणा पाहिजे तो राहत नाही, मग एक धक्का बसला की चाकं स्वतःच डावी-उजवी मारायला लागतात. डॅम्पर बदलून ते पंधरा दिवस दबतं, बरं होत नाही. ताप आला की कपाळावर ओली पट्टी ठेवावी तसं.

आधी तपासून घे, मग सामान आण. पुढचं चाक उचल, वरून-खालून धरून हलव. खेळ लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांग आणि परत हलव. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन. मग डावी-उजवीकडून धरून हलव, तिथं खेळ असेल तर टाय रॉड एन्ड आणि ड्रॅग लिंक (स्टेअरिंगपासून चाकापर्यंतच्या दांड्या आणि त्यांचे सांधे) बघ. मग दोन्ही चाकं उचलून स्टेअरिंग हळू फिरव, मध्यावर आल्यावर खट्ट करून बसल्यासारखं वाटलं तर वाटीत खाचा पडल्या असं समज.

टायरचं पण ऐक. कंपनीचा टायर २०५/७० आर १५, त्याचा व्यास होतो साधारण ६६८ मिमी. तुझा २३५/७५, तो ७३३ च्या आसपास. म्हणजे मीटर ५५ दाखवतंय तेव्हा तू रस्त्यावर साठनं चाललायस. वजन वाढलं, नकलवरचा मार वाढला, ब्रेकला पण जड. आणि वर ती लांब शॅकल. जिप्सीत पुढची शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असते, ती लांब केली की अ‍ॅक्सल थोडा पुढं कलतो आणि कास्टर कमी होतो. कास्टर म्हणजे चाकाला स्वतःहून सरळ यायची जी ओढ असते ना ती. सायकलचा पुढचा चिमटा मागं कललेला असतो म्हणून हात सोडून चालवता येते, तेच. इथं तू ती ओढ आधीच कमी केलीयेस (तू नाही, आधीच्यानं), वर दोन इंच लिफ्टचा विचार करतोयस. लिफ्ट यादीतून आत्ता काढ.

काम घरी होतं, मी स्वतः राऊला पत्र्याच्या शेडखाली केलंय. पण एका दिवसात दोन्ही बाजू असं डोक्यात घेऊ नकोस. एक शनिवार एक बाजू. चाक काढायचं, कॅलिपर काढून तारेनं पाट्याला बांधायचा, ब्रेकच्या पायपावर लोंबकळू द्यायचा नाही. मग हब, हबच्या आतलं मोठं नट (त्याला खास गोटी लागते, छिन्नी-हातोडी मारू नकोस, पुढच्या माणसाचे शिव्याशाप लागतात), लॉक वॉशरची पाकळी सरळ करून घ्यायची. मग स्पिंडल, मग अ‍ॅक्सल शाफ्ट जॉइंटसकट बाहेर ओढायचा. हळू, आतल्या सीलच्या ओठाला घासू नये. टाय रॉड एन्ड सोडव, सीलची पट्टी मागं सरकव, आणि वरचा-खालचा किंगपिन काढताना कुठला वरचा कुठला खालचा आणि कुणाखाली किती शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) होते ते पिशवीवर लिहून ठेव. खालचा काढला की बेअरिंग टपकन हातात येतं, खाली फडकं पसरून ठेव.

वाट्या बाहेर काढायला पितळेचा दांडा. नवीन बसवताना पण पितळच, चारी बाजूंनी थोडं थोडं ठोकत, आवाज बदलतो तेव्हा बसली म्हणून कळतं. टणटण ची ठणठण होते.

मग शिमचं. हे नव्वद टक्के लोक करतच नाहीत आणि मग म्हणतात किंगपिन बदलूनही नाचते. सील न लावता नकल बसव, टाय रॉडच्या भोकात स्प्रिंग काटा अडकवून काटकोनात ओढ. नकल फिरायला सुरू व्हायला साधारण एक ते पावणेदोन किलो लागलं पाहिजे. कमी लागलं तर एक शिम काढ, जास्त लागलं तर एक घाल. जुना भाजीवाल्याचा काटा चालतो, फक्त आधी किलोचं माप लावून खरा आहे का बघ 😀

शेवटी मोलीवालं लिथियम ग्रीस, गोळ्यात भरपूर.

किंग२००१

दादा हे प्रिंट काढून अंगणात चिकटवलं. आत्ता तपासून आलो. उजवीकडं ब्रेक दाबूनही खेळ तसाच, चांगला हाताला लागतो. डावीकडं थोडा. स्टेअरिंग मध्यावर आलं की खट्ट करतं, ते मला इतके दिवस "जुन्या गाडीची स्टाइल" वाटायचं. शॅकल शेजारच्याच्या स्टॉक जिप्सीशी लावून बघितली, चांगली दीड बोट लांब आहे.

बेअरिंग कुठून घ्यावं? छोटी ग्वालटोलीत दोन दुकानं फिरलो, एकानं सांगितलं पूर्ण किट येतं, दुसरा म्हणाला किट डुप्लिकेट असतं. आणि एक्स्पर्ट लोकहो, टाय रॉड सुटतच नाहीये, हातोडीनं मारू का??

काळी_माती (राऊ)

मारायचं तर टाय रॉडच्या बोल्टवर नाही, ज्या भोकात तो बसलाय त्या कानाच्या बाजूवर मार, दुसऱ्या बाजूला जड हातोडी टेकवून. नट दोन आटे उलटा ठेव म्हणजे सुटल्यावर नाकावर येणार नाही. पुलर मिळाला तर उत्तमच.

बेअरिंगच्या काठावर नंबर कोरलेला असतो. किट शोधण्यापेक्षा जुनं बेअरिंग पुसून तो नंबर घेऊन सरळ बेअरिंगच्याच दुकानात जा, सियागंजात मिळून जातं. सील मात्र जिप्सीचंच लागतं, ते पार्टवाल्याकडूनच.

कास्टरसाठी आत्ता काही खरेदी नको, आधी कंपनीची शॅकल परत लाव. फारच उंची प्रिय असली तर नंतर पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये पाचर घालून कोन सुधारता येतो. पण आधी खाली आण, चालवून बघ.

रामबागचे_काका

चिरंजीव, मी जिप्सीवाला नव्हे, माझी १९८९ ची महिंद्रा एमएम ५४०, प्यूजोचं २११२ सीसी डिझेल. पण पुढच्या टोकाला गोळा-किंगपिनची भानगड आमच्याकडंही तीच, त्यामुळं चार शब्द सांगतो.

काळी_माती यांनी सांगितलेलं सगळं बरोबर, फक्त एक गोष्ट त्यांना इतकी सवयीची आहे की लिहायची राहिली. तुमच्याकडं एक जॅक आहे असं तुम्ही लिहिलंय. जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नसतो. दोन घोड्या (गाडी टेकवून ठेवायचे लोखंडी स्टँड) आणा, अ‍ॅक्सलच्या नळीखाली लावा, मागच्या चाकांना दोन्हीकडून विटा नव्हे तर लाकडी ठोकळे लावा, विटा फुटतात. हँडब्रेकवर विसंबू नका. १९९४ साली आमच्या वाड्याच्या अंगणात फरशी उतरती होती, जीप जॅकवरून घसरली, मी नेमका चहा घ्यायला उठलो होतो म्हणून हे लिहितोय. हब जमिनीवर आदळून फरशी फुटली ती अजून तशीच आहे, आमच्या सौ. पाहुण्यांना दाखवतात.

दुसरं, एक बाजू पूर्ण जुळल्याशिवाय दुसरीला हात लावू नका. अडलात तर न उघडलेली बाजू बघून कळतं काय कुठं होतं. आजकाल मोबाइलवर फोटो काढता येतात ते काढाच, पण फोटोत वॉशरची कुठली बाजू आत होती ते नेमकं दिसत नाही, हा माझा अनुभव.

तिसरं, ऑइल गोळ्यात येतंय म्हणजे डिफरन्शिअलमध्ये कमी झालेलं असणार. बदलून टाका. पण खालचा बोल्ट सोडायच्या आधी वरचा भरायचा बोल्ट सुटतो का बघा. नाहीतर सगळं ऑइल खाली आणि भरायला वाट नाही, मग रविवारी संध्याकाळी वेल्डरच्या दारात उभं राहायचं. डिफरन्शिअलला जीएल-५ ग्रेडचं ८०डब्ल्यू९०. गिअरबॉक्सला तेच ओतू नका, तिथं सिंक्रोच्या (गिअर अलगद पडावा म्हणून असलेल्या) रिंगा पितळी असतात, जीएल-४ वापरा.

आणि सुभेदारसाहेबांची गाडी म्हणता, तर चेसिसवर जाड हिरव्या रंगाचे थर असतील, त्याखाली काय आहे ते स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघा. रंग गंज झाकतो, थांबवत नाही.

विश्वामित्री_काठ (बडोदा)

काकांच्या शेवटच्या ओळीवरून लिहावंसं वाटलं. माझी १९९७ ची किंग, कार्बोरेटरवाली, दांडिया बाजारात राहतो आम्ही. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीला पूर आला तेव्हा गाडी मामांकडं होती, सीटच्या खालपर्यंत पाण्यात दोन दिवस. पाणी उतरल्यावर सगळ्यांनी इंजिनकडं बघितलं, इंजिन ठीक होतं, चालू पण झालं, सगळे खूश. तीन आठवड्यांनी मागून घरघर. डिफरन्शिअल उघडलं तर आतून कॉफी निघाली, दूध घातलेली.

किंग२००१, तुम्ही चोरलला वगैरे पाण्यातून नेता का गाडी? नेत असाल तर हे बघा. अ‍ॅक्सलला श्वास घ्यायला वर एक छोटं बोंडूक असतं, ब्रीदर. ते चिखलानं बुजलं की आत दाब वाढून सील गळतं. आणि गरम झालेला अ‍ॅक्सल एकदम थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी आत ओढून घेते, सीलच्या कडेनं नाहीतर ब्रीदरमधूनच. तुमच्या आतल्या सीलचं कारण कदाचित हेच असेल. ब्रीदर काढून साफ करा आणि तिथून रबरी नळी बॉनेटच्या खाली फायरवॉलपर्यंत वर आणा, मागची टपाच्या दांड्यापाशी, टोकाला साधा पेट्रोल फिल्टर लावून ठेवा. मी एका रविवारी दोन्ही केल्या, नळी, क्लिपा मिळून पाचशेच्या आत. नळीला कुठं उलटा झोल ठेवू नका, त्यात पाणी साचतं. एवढ्या पैशात एवढं उपयोगी दुसरं काम या गाडीवर नाही असं माझं मत, एलईडी बारवाल्यांनी रागावू नये.

दुसरं पेट्रोलच्या नळ्यांचं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालंच मिळतं आणि आपल्या गाड्या त्या काळच्या रबराच्या. माझी टाकीजवळची नळी हाताला चिकट लागायला लागली होती, आतून फुगलेली. फिल्टरमध्ये काळे कण. सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घेतल्या, क्लिपा नवीन. तुमचं एमपीआय म्हणजे तुमच्याकडं नळीत दाब जास्त, कुठलीही नळी घालून चालणार नाही, इंजेक्शनची म्हणून मागा. आणि गाडी महिना महिना उभी ठेवत असाल तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी पितं, पाणी जास्त झालं की ते पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं आणि पत्र्याची टाकी आतून गंजते.

फ्लोअरचं पण, रबरी मॅट उचलून बघा. भोकांना रबरी बुचं असतात, ती काढून धुतल्यावर पाणी जातं. तुमच्याकडची काळी माती तर चिकटून राहते म्हणे, टाकीच्या गार्डवर आणि चेसिसच्या कोपऱ्यात बसली की महिनाभर ओल धरते. गंज दिसला तर लांबी (पुट्टी) भरू नका. तारेच्या ब्रशनं खरवडून, रस्ट कन्व्हर्टर, मग झिंक प्रायमर. जिथं बोट आत जातंय तिथं पत्रा कापून नवीन वेल्ड.

नुसताच_वाचतो

ताई रागावलो नाही, पण कॉफी मात्र सोडली.

काळी_माती (राऊ)

ब्रीदरचं एकदम बरोबर. आणि नाव माझं आहे पण मातीबद्दल तक्रार मलाच जास्त आहे. सोयाबीनच्या शेतातून एकदा गाडी काढली की नकलच्या मागं दोन किलो तरी बसते, सिलाची पट्टी घासून घासून जाते. दर ट्रिपनंतर तिथं पाण्याची धार मारायची सवय लावून घ्या, पण फार दाबाची नको, सिलाच्या ओठातून पाणी आत जातं.

फाइलवाला

सगळे पान्याचं बोलतायत, मी कागदाचं बोलतो, माझं कामच ते आहे.

२००१ ची गाडी म्हणजे पहिली पंधरा वर्षं २०१६ ला संपली, मग पाच, मग पाच, म्हणजे यंदा २०२६ ला आरसी परत रिन्यू करायची आहे. तारीख बघून ठेवा. २०२५ च्या ऑगस्टात केंद्रानं वीस वर्षांवरच्या गाड्यांची रिन्युअल फी वाढवली, कार-जीपला आता १०,००० रुपये, आधी ५,००० होती. दिल्लीसारखा दहा-पंधरा वर्षांचा नियम इंदूरला लागू नाही, ते लोक उगाच घाबरवतात. पण फिटनेस लागतोच.

आणि तिथं २३५ चे टायर, लिफ्ट, कॅरिअर, बार हे सगळं लावून जाऊ नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल चालत नाही, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं पण तेच सांगितलं. गाडी पास करून घ्यायची असेल तर २०५ चे टायर आणि कंपनीची शॅकल, जे काळी_माती म्हणतायत तेच, फक्त माझं कारण वेगळं.

किंग२००१

बाप रे, आरसीचं माझ्या ध्यानातच नव्हतं. जूनमध्ये संपतेय, आत्ता बघितली. म्हणजे टायर बदलणं आलंच. धन्यवाद साहेब.

किंग२००१ (तीन आठवड्यांनी)

रिपोर्ट देतो. लांब आहे, चहा घेऊन बसा.

पहिला शनिवार, उजवी बाजू. सकाळी पोहे-जिलेबी हाणून आठला सुरू केलं, रात्री नऊला हात धुतले. त्यातले तीन तास टाय रॉडला आणि दीड तास त्या मोठ्या नटाची गोटी शोधण्यात गेला, शेवटी लोकमान्य नगरच्या एका मित्राकडं मिळाली. घोड्या आणल्या काका, दोन आणल्या, ठोकळे सुताराकडून कापून घेतले. नकल उघडल्यावर जे बाहेर पडलं त्याला ग्रीस म्हणवत नाही. वास इतका की बायकोनं खिडकी लावून घेतली. बेअरिंग पुसून वाटीत बोट फिरवलं तर मधोमध उभ्या रेघा, नखाला लागतात, अगदी तुम्ही लिहिलं होतं तशाच. खालचं बेअरिंग तर दोन रोलर अर्धवट खाल्लेले.

वाट्या ठोकताना तो आवाज बदलतो म्हणता ना, मला पहिल्यांदा कळलाच नाही, मी ठोकतच राहिलो, शेवटी शेजारचे आजोबा कठड्यावरून म्हणाले "बस झालं रे, बसली ती." ते रेल्वेत फिटर होते.

शिमचं सांगतो. काटा बायकोनं धरला, मी ओढलं. पहिल्यांदा ६०० ग्रॅमच आले. एक शिम काढली, एक किलो ३०० झालं. तिनं आकडा वाचला आणि म्हणाली "एवढंच? मी रोज सिलिंडर यापेक्षा जास्त ओढते." पण त्या दिवसानंतर ती काम बघायला बाहेर येऊन बसायला लागली हे नमूद करतो.

दुसऱ्या शनिवारी डावी बाजू, चार तास. दुसऱ्यांदा हात आपोआप जातात. रविवारी पुढचं डिफरन्शिअल ऑइल बदललं, आधी वरचा बोल्ट सोडवून बघितला, तो खरंच जाम होता, रात्रभर तेल सोडून मग सुटला, काका तुमच्या पाया पडतो. आतून बडोद्याची कॉफीच निघाली, ताई. ब्रीदर बुजलेला होता, अगदी सिमेंट. दोन्ही नळ्या वर आणल्या. पेट्रोलच्या नळ्या पण बदलल्या, जुनी वाकवल्यावर चिरा दिसल्या, ते बघून पोटात गोळा आला, इतके दिवस एक्झॉस्टच्या शेजारून हे नेत होतो.

तिसऱ्या आठवड्यात स्टॉक शॅकल आणि २०५ चे टायर. गाडी जरा बारकी दिसते, मान्य. टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली ठेवणं) घरीच लावला, टायरवर खडूनं रेघ मारून पुढून आणि मागून टेप लावला, पुढं ४ मिमी कमी.

मग बायपास. मुलगी तयार नव्हती, मी एकटाच गेलो. ५५ ला तोच पुलाचा जॉइंट. काही नाही. ६५, काही नाही. ७५ ला स्टेअरिंग दोन बोटांनी धरून बघितलं. परत येताना मुद्दाम त्याच जॉइंटवरून गेलो. डॅम्पर मधल्या काळात काढूनच ठेवला होता, तपासायला. आता परत लावला.

काल संध्याकाळी मुलीला घेऊन चोरलच्या अलीकडं घाटापर्यंत जाऊन आलो. जाताना तिनं दांडी घट्ट धरली होती, येताना झोपली.

मॅटच्या खालचं मात्र अजून बघितलं नाही. ड्रायव्हरच्या पायाखाली मॅट थोडी फुगलेली आहे. हिंमत होत नाहीये.

आणि एक नवीन आवाज. स्टेअरिंग शांत झाल्यावर ऐकू यायला लागला. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मधून, गिअरच्या दांड्यापाशी, टक् असा एकच. दाबला की परत टक्.

काळी_माती (राऊ)

शाबास रे. टक् म्हणजे दोनपैकी एक. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मध्ये छोटा शाफ्ट असतो, त्याचा क्रॉस (टोकाचा सांधा) सैल, नाहीतर ट्रान्सफर केसचे तीन रबर माउंट बसले. गाडी उभी करून ठोकळे लाव, न्यूट्रलला टाक, खाली जाऊन शाफ्ट हातानं उलटसुलट पिळ, खेळ दिसला तर क्रॉस. मग माउंटच्या रबराला पहारीनं हलकं उचलून बघ, फाटलेलं लगेच दिसतं. या शनिवारी मी मोकळा आहे, येतो.

रामबागचे_काका

मीही येतो. चहाच्या वेळेला.

नुसताच_वाचतो

मॅट तिथंच उचलू सगळे मिळून. पोहे कुणाकडून?